बरणीखालचा ब्रेड

आदरणीय दादा,

तुमच्या पायांना इथूनच हात लावतो. (पत्र हातात पडेल तेव्हा तुम्ही एखाद्या लिफ्टच्या खड्ड्यात दुरुस्तीसाठी उतरलेले असाल तर आधी वर या आणि मग वाचा. पुढचा मजकूर अवघड जागी उभं राहून वाचण्यासारखा नाही.) तुमची तब्येत, वहिनींची पाठ आणि दोन्ही मुलांचे दात, पडलेले धरून, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडेही आम्ही ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुमची बहीण ठीक आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. मालक दिसायला ठीक आहेत. मी मात्र अजिबात ठीक नाही. गेले काही दिवस मला जेवण जात नाही, आणि परवा ऑफिसात शिपायाने मागून हाक मारली तर मी हातातल्या चहासकट उभा राहिलो. चहा बसूनच राहिला, माझ्या विजारीवर.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? मी भित्रा आहे हे आमच्या लग्नाच्या वेळीच तुमच्या लक्षात आलं होतं. (फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला तेव्हा मी तुमच्याच मागे लपलो होतो, तो फोटो अजून आहे.) पण दादा, माझा धंदाच तसा आहे. विमा कंपनीत आगीचे दावे तपासून तपासून माझी नजर बिघडली आहे. दुसऱ्या माणसाला इस्त्री दिसते, मला इस्त्रीनंतरचं घर दिसतं. एखाद्याकडे पाहुणा म्हणून गेलो की मी आधी दारं मोजतो. अशा माणसाने भट्टीच्या डोक्यावर, बेकरीच्या वरच्या मजल्यावर, सासऱ्यांच्या घरी राहायला यावं हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही भांडून घर सोडून गेलात, मालक एकटे पडले, आणि तुमची बहीण म्हणाली की आपण तिकडेच राहू. मी हो म्हणालो. का म्हणालो, तर मला तिचीही भीती वाटते.

आणि मालकांची तर विचारूच नका. बेकरीतली माणसं त्यांना मालक म्हणतात म्हणून गल्ली म्हणते, गल्ली म्हणते म्हणून त्यांची मुलगी म्हणते, तिथे मी एकट्याने 'बाबा' म्हणून काय दिवे लावणार? इतरांवर ते ओरडतात. ओरडणं बरं असतं दादा, कुठून येतंय ते कळतं. मला ते 'तुम्ही' म्हणतात आणि आवाज खाली आणतात. 'जावईबापू, तुम्ही दार लावलंत का?' एवढंच विचारलं तरी मी जन्मात लावलेली आणि न लावलेली सगळी दारं आठवून घामाघूम होतो.

आता मूळ मुद्दा. पण मूळ मुद्द्याच्याही मुळाशी माझी दाढ आहे, तेव्हा आधी दाढ. बेकरीवाल्याच्या घरात ताजा ब्रेड गिऱ्हाइकाला आणि घरच्यांना कालचा, हा तुमच्या घरचा कायदा. तुमचे दात त्याच्यावर घडले. माझे तयार होऊन आले होते. कालच्या ब्रेडची कड चावली की डाव्या बाजूची खालची दाढ अशी कळ काढते की डोळ्यांतून पाणी येतं, आणि मालक समोर बसलेले असल्यामुळे ते पाणी कौतुकाचं आहे असं दाखवावं लागतं. भाजून खावा तर कड आणखी टणक. चहात बुडवावा तर मालक बघतात. (एकदा बुडवला होता. त्यांनी फक्त माझा कप उचलून मोरीत ओतला आणि मला नवा चहा करून आणून दिला. मला वाटतं शिव्या परवडल्या असत्या.) मग ऑफिसातल्या हिशेबाच्या बाईंनी तोडगा सांगितला. ब्रेड ओल्या फडक्यात गुंडाळायचा आणि मायक्रोवेव्हमध्ये जेमतेम वीस सेकंद ठेवायचा. कापसासारखा होतो आणि लगेच खाल्ला तर कडही गोड लागते. थांबलात तर दगड होतो. मी ऑफिसात करून पाहिला आणि खरं सांगतो, त्या घासाला मला रडू आलं.

आता घरातल्या मायक्रोवेव्हबद्दल. तुम्ही पहिल्या पगारातून पाठवला तोच. तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि आम्ही कधी कळवलं नाही, पण तो आल्या दिवशी मालक म्हणाले होते, 'ब्रेड पुन्हा गरम करायचं यंत्र पाठवलंय. म्हणजे माझा ब्रेड शिळा असतो असं म्हणायचंय त्याला.' तुमची बहीण म्हणाली, दूध तापवायला आहे ते. मालक म्हणाले, दूध तापवायला गॅस आहे. झालं. तो स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसला तो बसलाच. मधे तुमच्या बहिणीने त्यात बटाटे ठेवले, मग जुने मोजे ठेवले. आणि गेल्या थंडीपासून त्यात कोण राहायला आलं असेल सांगा? थोरली!

थोरली म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तिच्या पाठचे. पण मला या घरात आल्यावर पहिले काही दिवस खरोखर वाटायचं की तुम्हा दोघांना एक मोठी बहीण आहे, जी कुणाला दाखवत नाहीत. 'थोरलीला खायला घातलं का?' 'थोरली आज जरा मंद आहे.' 'थोरलीला उन्हात ठेवू नका.' मी तिच्यासाठी मनातल्या मनात हळहळत होतो. मग एके दिवशी मालकांनी मला ती चिनी मातीची बरणी दाखवली, आत पीठ-पाण्याचं आंबवण, बुडबुडे काढत बसलेलं. बेकरी सुरू झाली त्या वर्षी सासूबाईंनी लावलेलं, रोज थोडं काढून ब्रेडच्या पिठात घालायचं आणि उरलेल्याला नवं पीठ चारायचं, की ते जिवंत राहतं. तुमच्या जन्माच्याही आधीचं, म्हणून थोरली. सासूबाई गेल्या, तुम्ही गेलात, ती राहिली. खाली भट्टीघरात मागच्या दाराने गार वारा येतो म्हणून ती गारठायला लागली, तेव्हा मालकांनी घरभर ऊबदार, बंद, वारा न लागणारी जागा शोधली आणि ती शेवटी तुमच्या यंत्राच्या पोटात सापडली. यंत्र अर्थातच बंद. संध्याकाळी बरणी आत, सकाळी बरणी खाली. कुणी बोलायचं नाही. मीही बोललो नाही, कारण सकाळी ती खाली गेली की जागा रिकामी व्हायची आणि माझ्या ब्रेडचे वीस सेकंद सुरू व्हायचे. थोडक्यात, एका खोलीत दोन भाडेकरू पाळीपाळीने राहत होते आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी सुट्टी होती. तुमची बहीण हॉस्पिटलात ड्यूटीवर, मालक खाली. मी ब्रेड ओल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवला, दार लावलं, आता बटण दाबणार तोच जिन्यावर पावलं. हातात टॉवेल होता (आतला दिवा लागलेला जिन्यातून दिसू नये म्हणून मी काचेवर टॉवेल टाकत असे, पूर्ण विचार करून वागणारा गुन्हेगार आहे मी), तो खांद्यावर टाकला आणि बाथरूममध्ये घुसून नळ सोडला. बाहेर यंत्राचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. वाटलं, सापडला ब्रेड. पण पावलं आली तशी खाली गेली. मी देवाचे आभार मानले, बाहेर आलो, काचेवर टॉवेल टाकला आणि दार उघडून न बघता बटण दाबलं. वीस सेकंदांऐवजी काय दाबलं ते मला आजही सांगता येणार नाही, बोट थरथरत होतं. आणि यंत्र फिरतंय तोवर मी जिन्याच्या तोंडाशी पहारा द्यायला जाऊन उभा राहिलो. ज्या दिशेने धोका नव्हता तिकडे तोंड करून.

खाली काय झालं होतं ते मला नंतर कळलं. पिठाची पोती उतरवायची होती म्हणून मागचं दार सताड उघडं होतं, वारा आत येत होता, म्हणून मालक थोरलीला घेऊन वर आले. यंत्र उघडलं, आत ओल्या फडक्याची गुंडाळी दिसली, त्यांना वाटलं मुलीने बरणीसाठी गादी करून ठेवली आहे. बरणी त्या गादीवर ठेवली आणि गेले. म्हणजे दादा, थोरली माझ्या ब्रेडवर बसली होती आणि मी बटण दाबलं.

आधी फस्स असा आवाज आला. मग वास. तो वास कसा सांगू? आंबट, करपलेला, ओल्या कुत्र्याला इस्त्री केल्यासारखा. मी धावत येऊन दार उघडलं तर बरणीच्या तोंडावरचं फडकं टोपीसारखं वर उचललं गेलं होतं आणि त्याखालून पिवळट रबरासारखं काहीतरी बाहेर येऊन थिजलं होतं. मी चमच्याने टोचलं. चमचा परत आला. खालचा ब्रेड काळा ठिक्कर पडून धुरत होता. मी खिडक्या उघडल्या, टॉवेल फिरवला, 'थोरली, थोरली' असं हळू आवाजात म्हटलंसुद्धा. उपयोग काय? उरलेलं सगळं आंबवण त्या दिवशीच्या पिठात गेलं होतं आणि ते पीठ भट्टीत भाजून गिऱ्हाइकांच्या घरी पोचलं होतं. जगात होती तेवढी ती त्या बरणीत होती, असं तेव्हा तरी मला वाटलं. ज्या बाईने ती लावली तिचा फोटो समोर भिंतीवर होता. मी फोटोकडे पाठ केली.

तेवढ्यात समोरच्या शिंप्याने रस्त्यापलीकडून ओरडून विचारलं की काय जळलं? आणि पुन्हा पावलं. या वेळी लपायला वेळ नव्हता. मी यंत्राचं दार लावून त्याला पाठ टेकून उभा राहिलो. मालक आले, त्या वासाच्या मधोमध उभे राहिले आणि मला म्हणाले, 'शिंपी विचारतोय काय जळतंय. काय जळतंय?' दादा, त्या खोलीत वासाने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं ही उलटतपासणी आहे. मी म्हणालो, काही नाही. त्यांनी खिडकीतून समोर पाहिलं. मग म्हणाले, 'शिंप्याला ओरडायची सवयच आहे,' आणि खाली गेले. मी तिथेच बसलो. मला वाटलं, हे आता मला शिजवत शिजवत मारणार.

संध्याकाळपर्यंत काहीतरी करणं भाग होतं. मी तुमच्या बहिणीचा काळा गॉगल लावून दूरच्या दुकानातून यीस्टचं पाकीट आणलं. (हो, पाकिटातलं. तुमच्या घरात हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही, मी तर विकत आणलं, तेही पिशवी न घेता, शर्टात लपवून.) पीठ, पाणी, यीस्ट, आणि आंबट वास यावा म्हणून व्हिनेगर. बरणी घासून त्यात ओतलं. ते लगेच उत्साहाने फुगायला लागलं, थोरलीसारखं सबुरीने नव्हे, नव्या नोकरासारखं. मी त्याचं नाव दत्तक ठेवलं. व्हिनेगर मात्र जास्त झालं होतं. फडकं काढलं की नाकात झिणझिण्या यायच्या.

संध्याकाळी मालकांनी बरणी उचलली, रोजच्यासारखं फडकं बाजूला केलं, नाक आत घातलं, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. मी कपाटाच्या मुठीला धरून उभा होतो. ते म्हणाले, 'बरी आहे.' आणि पीठ चारून पुन्हा यंत्रात ठेवली.

पहिल्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशीही 'बरी आहे'. तिसऱ्या दिवशी मला भीती वाटायला लागली, आणि ही भीती वेगळी होती दादा, नेहमीची नव्हती. या माणसाबद्दल तुमची बहीण सांगते की लहानपणी तुम्ही दोघं बाहेर काय खाऊन आलात ते हे दारातून ओळखायचे. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून भट्टीतला कितवा घाणा किती भाजला आहे ते सांगायचे. मग व्हिनेगरच्या बाटलीत नाक घालून 'बरी आहे' कोण म्हणतं? मी एक दिवस संध्याकाळपुरतं दत्तकाला वाटीत काढून बरणीत नुसतं पीठ-पाणी ठेवलं, ज्याला वासच नाही. 'बरी आहे.' एक दिवस बरणीशेजारी तुमच्या बहिणीची नेलपॉलिश काढायची बाटली उघडी ठेवली. 'बरी आहे.' एकदा तर मी माझे दिवसभराचे मोजे, जाऊ दे, तेवढं लिहीत नाही. मग मला एकेक आठवायला लागलं. गेले कित्येक महिने ते सगळ्यात मीठ घालून घेतात. चहात साखर वाढली आहे. तुमची बहीण एकदा म्हणाली होती की मालकांना हल्ली काही चव लागत नाही वाटतं, आणि मालक म्हणाले होते, सर्दी आहे. सर्दी! शिंक नाही, खोकला नाही, रुमाल कोरडा.

दादा, मालकांचं नाक गेलं आहे. त्यांनी ते कुणाला कळू दिलेलं नाही. रोज संध्याकाळी ते बरणीत तोंड घालतात, डोळे मिटतात आणि खोटं बोलतात. मी एक खोटी बरणी ठेवतो आणि ते तिचा खोटा वास घेतात, असा आमचा संसार चालला आहे. गिऱ्हाइकांतल्या गाण्याच्या बाई परवा म्हणाल्या की ब्रेडला पूर्वीची चव राहिली नाही. पूर्वी मालकांनी त्यांना बेकरीच्या पायरीवरून खाली उतरवलं असतं. त्या दिवशी ते काउंटरमागे उभे राहिले, ब्रेडकडे बघत, आणि म्हणाले, 'असं का?' मला त्यांचा चेहरा बघवला नाही.

आणि आता जे लिहितो ते बसून वाचा. गेल्या आठवड्यात ऑफिसातून येताना मी बेकरीच्या मागच्या दाराने आत शिरलो. कामगार गेले होते. पावांवर लावायचा साखरेचा पाक ज्या छोट्या शेगडीवर उकळतात ती पाक उतू जाऊन विझली होती आणि गॅस तसाच चालू. दारातच मला तो वास थोबाडीत बसला. मालक शेगडीपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसून चष्मा पुसत होते. चष्मा लावला. काडेपेटी उचलली. काडी काढली. दादा, मी ज्या फायली वाचतो त्या सगळ्या इथूनच सुरू होतात. मी उडी मारून त्यांच्या हातातून काडेपेटी हिसकावली. इतक्या वर्षांत मी त्या माणसाच्या अंगाला पहिल्यांदा हात लावला आणि तो असा. शेगडीचा कान बंद केला, खिडक्या उघडल्या, काडेपेटी खिशात. ते स्टुलावरून उठले. म्हणाले, 'जावईबापू, काय हवंय तुम्हाला?' मी म्हणालो, काडेपेटी. कशाला? मी म्हणालो, मी सिगारेट ओढतो.

म्हणजे बघा, आता घरात मी सिगारेट ओढणारा म्हणून जाहीर झालो आहे. मालकांनी मुलीला सांगितलं, मुलीने माझ्या शर्टांचे वास घेतले, काही सापडलं नाही तर म्हणाली की लपवण्यात किती पक्का झाला आहेस, आणि बोलणं बंद केलं. हॉस्पिटलातून फुप्फुसांची चित्रं असलेली एक पुस्तिका आणून उशीवर ठेवली आहे. मी झोपताना ती उलटी करतो, ती सुलटी करते. आणि मी रोज ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यानंतर बेकरीत एक चक्कर मारतो, हुंगत हुंगत, शेगडीपासून भट्टीपर्यंत. कामगार मला बघून गप्प होतात. ऑफिसात रोज उशीर होतो. दिवसा मी फायलीवर बसलेलो असताना कुठे आगीच्या बंबाचा भोंगा वाजला की मी बेकरीत फोन करतो आणि मालकांनी उचलला की ठेवून देतो. त्यांना वाटतं गल्लीतली टवाळ पोरं आहेत.

तुम्ही विचाराल, सांगत का नाहीस? कसं सांगू? नाक गेलं हे मला कसं कळलं ते सांगायचं तर थोरलीचा खून कबूल करावा लागतो. आणि खून कबूल केला तरी, ज्या माणसाने आयुष्यभर नाकावर धंदा केला त्याला, त्याच्याच घरात राहणाऱ्या, कालचा ब्रेड न चावणाऱ्या जावयाने सांगायचं की तुम्हाला आता काही कळत नाही? मला त्यांची भीती वाटते दादा, तुम्हाला माहीत आहे. पण आता मला त्यांच्यासाठी भीती वाटते, आणि ती जास्त वाईट आहे. पहिल्या भीतीत निदान पळता येत होतं.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, मुलांना दातांबद्दल शाबासकी. लिफ्टचं दार उघडलं की आत लिफ्ट आहे ना, ते बघून मगच पाऊल टाकत जा.

तुमचा,
घाबरलेला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. एक छोटंसं काम होतं, लिहायचं राहूनच गेलं. (राहिलं नव्हतं. ते लिहायलाच पत्र काढलं, आणि इतकी पानं धीर गोळा करण्यात गेली.) तुमची बहीण मागे एकदा बोलता बोलता म्हणाली होती की तुम्ही घर सोडलंत तेव्हा थोरलीतलं वाटीभर बरोबर नेलंत, मालकांना न सांगता, आणि वहिनी अजून तिला पीठ घालतात. हे खरं आहे का? असेल तर तिला जपा, तिच्या आसपास कुणालाही काहीही गरम करू देऊ नका, आणि थोडी इकडे आणा. पाठवा म्हणत नाही, आणा म्हणतो. कुरिअरवर माझा विश्वास नाही. आणि नाकाच्या डॉक्टरकडे त्यांना कुणी नेऊ शकलं तर ते तुम्हीच, माझ्याने त्यांना न्हाव्याकडेही नेववणार नाही.

ता. क. दुसरा. मी सिगारेट ओढतो असं बहिणीचं पत्र आलं तर विश्वास ठेवू नका. फक्त तिला तसं कळवूही नका, कारण मग खरं काय ते सांगावं लागेल.

ता. क. तिसरा. दादा, वरचं सगळं रद्द समजा, किंवा नका समजू, मला काही कळत नाहीये. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मालक आले आणि समोरच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, कुणाला पत्र? मी म्हणालो, दादांना. या घरात त्यांच्यासमोर हा शब्द कुणी उच्चारत नाही, माझ्या तोंडून भीतीनेच निसटला. ते म्हणाले, वाचा. मी वाचायला लागलो. अर्थात लिहिलेलं नव्हे. इकडे सर्व क्षेम, हवा बरी, जिन्यातला दिवा गेला आहे, पिठाचे भाव चढले, असं जे तोंडाला येईल ते. बराच वेळ ते ऐकत होते. मग म्हणाले, 'एवढी पानं आहेत हातात, जावईबापू, तुम्ही एकही उलटलं नाहीत. आता लिहिलंय ते वाचा.'

मी वाचलं. सगळं. दाढ, टॉवेल, रबर, दत्तक, मोजेसुद्धा. नाकाचं वाक्य आलं तेव्हा मी डोळे मिटून पाठ म्हटलं. वाचून झाल्यावर मी पानांची घडी घातली. मग ते म्हणाले, 'पीठ मळताना पहिल्याच दिवशी हाताला लागलं. फुगत होतं, पण उगाच फुगत होतं. ही ती नाही हे तेव्हाच कळलं.' मी म्हणालो, मग तुम्ही मला बोलला का नाहीत? त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, 'काय बोलणार? आदल्या संध्याकाळी वास घेऊन बरी आहे म्हटलं होतं ना मी. तुम्ही विचारलं असतंत, तेव्हा कसं कळलं नाही?'

म्हणजे इतके दिवस ते मला घाबरत होते. मला, दादा! मी हे दोनदा लिहून खोडलं आणि पुन्हा लिहिलं. या जगात मला घाबरणारा एक माणूस निघाला आणि तो हा.

मग इतके दिवस विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. 'तो येईल का?' मी म्हणालो, येतील. लगेच म्हणाले, कामं असतील त्याला, नुसती पाठवली तरी चालेल. उठून दारापर्यंत गेले. तिथे थांबून, माझ्याकडे पाठ करून, इतक्या हळू आवाजात बोलले की मला वाटलं आता रागावणार. म्हणाले, 'ती आली की वास तुम्ही घ्या. आणि कसा आहे ते मला खरं सांगा.'

मी हो म्हणालो, दादा. पण मला फक्त जळाल्याचा वास कळतो. तुम्ही या.